धक्क्यावरचा चौथा नियम

धक्क्याच्या तोंडाशी जी निळी पाटी उभी आहे ती माझ्या हातची. पाट्या रंगवणं हाच माझा धंदा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध राहा'च्या अशा किती रंगवल्या त्याची गणती नाही. त्या निळ्या पाटीवरचा मात्र एकही शब्द माझा नाही. ते सगळे शब्द माझ्या वहिनीचे.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. बंदर कचेरीने त्यांना धक्क्यावर नेमलं होतं. गळ टाकून मासे धरायला येणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, मासे साफ करायचं टेबल स्वच्छ राहील असं बघायचं आणि नियम मोडू द्यायचे नाहीत, एवढं त्यांचं काम. गळ्यात दोरीला बांधलेली पोलादी पट्टी असायची. कोणी मासा धरला की ती पट्टी माशावर ठेवायच्या. ठरलेल्या लांबीपेक्षा मासा एक बोटभर जरी कमी भरला तरी तो पुन्हा पाण्यात. त्यामुळे धक्क्यावरचे लोक त्यांना 'मोजपट्टी' म्हणायचे. समोर नाही, मागे. वहिनींना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

एकदा एका निवृत्त कोर्ट-कारकुनाला मोठा मासा लागला. हे गृहस्थ रोज घडीची खुर्ची घेऊन धक्क्याच्या टोकाला बसायचे. आनंदाच्या भरात त्यांनी बसल्या जागीच माशाचं डोकं आणि शेपूट उडवलं. वहिनी येऊन उभ्या राहिल्या.

"हा किती लांब होता?"

"आता कसं सांगू? मोठा होता. माझ्या कोपरापर्यंत."

"कोपर तुमचा आहे. मासा समुद्राचा होता."

"बाई, मी एकतीस वर्षं कोर्टात काढली. माझ्या शब्दाला पुरावा मागणारा अजून कोणी भेटला नाही."

"कोर्टात कोणी पुरावा कापून आणला असता तर चाललं असतं?"

वहिनींनी त्यांच्या बादलीतून डोकं काढलं, शेपूट काढलं, मधल्या धडाला दोन्हीकडून नीट जोडून टेबलावर मांडलं आणि पट्टी लावली. मासा दोन बोटं जास्तच भरला.

"बसतो," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वेळी अख्खा आणा. आणि साफ करायचा तो टेबलावर."

मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटायचं. मासे धरणारी माणसं हौसेने येतात, त्यांच्या हौसेवर एवढा कायदा कशाला, असं मी दादापाशी एकदा म्हणालोही. माझा भाऊ होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि बोलतोही तसाच, दोरी तीनदा ओढावी तेव्हा एकदा. तो म्हणाला, "तिला कळतं." आणि पुन्हा पाना हातात घेतला.

तिला कळतं म्हणजे काय कळतं, ते मला कळायला फार वर्षं लागली.

वहिनी एकोणिसाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात लागल्या. चोवीस वर्षं त्यांनी एकाच टेबलापाशी उभं राहून काढली. समोरून मासे यायचे. एक कापायचा, पोट उघडायचं, आतलं खरवडून बाजूला, धड पुढे, की पुढचा तयार. हातावर सतत गार पाणी. डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर तिथेच गेलं. तेही त्या सहज सांगत, जसं आपण छत्री कुठेतरी राहिली म्हणून सांगतो. पण त्या चोवीस वर्षांत त्यांना माशाचं पोट वाचता यायला लागलं. मी कधी बाजारातून मासा आणला आणि त्यांनी तो चिरला की त्या सुरीच्या टोकाने आतलं हलवून म्हणायच्या, "हा खडकापाशी होता, भावोजी. खेकडे खाल्लेत." किंवा, "हा दोन दिवस उपाशी होता. वादळ झालं असेल तिकडे कुठेतरी." मी गंमत म्हणून ऐकायचो. मग एकदा वर्तमानपत्रात वादळाची बातमी वाचली आणि गंमत वाटेनाशी झाली.

पुढे कारखान्याने गाशा गुंडाळला आणि वहिनींना धक्क्याचं काम मिळालं. तेव्हा तिथे एकच जुनी गंजकी पाटी होती : 'स्वच्छता राखा.' वहिनी म्हणाल्या, असं मोघम लिहून कोणी काही राखत नाही. कचेरीची परवानगी घेऊन त्यांनी मला बोलावलं. दादाच्या वर्कशॉपच्या माडीवर त्यांच्या दोन खोल्या. तिथल्या जेवणाच्या टेबलावर आम्ही जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि त्या सांगत गेल्या, मी खडूने आखत गेलो. मासा आधी मोजून घ्यावा. मोजण्याआधी डोकं किंवा शेपूट कापू नये. मासा फक्त टेबलावरच साफ करावा. माशाचं काहीही पाण्यात टाकू नये, झाकणाच्या पिंपात टाकावं. सुरी उघडी घेऊन चालू नये. टेबल धुऊन मगच सोडावं. पक्ष्यांना खायला घालू नये.

चौथ्या नियमापाशी मी थांबलो. "हे जरा पटत नाही, वहिनी. माशाची घाण समुद्रातलीच. समुद्राची वस्तू समुद्राला. त्यात बिघडलं काय? निदान खाली बारीक अक्षरात कारण तरी लिहू."

"पाटीवर कारण लिहायचं नसतं. कारण लिहिलं की लोक कारणाशी भांडत बसतात."

"मग मला तरी सांगा."

त्यांनी पसरलेला कागद हाताने सपाट केला. मग म्हणाल्या, "आमच्या कारखान्याचा एक पाइप समुद्रात सुटायचा. टेबलांवरचं धुतलेलं पाणी, रक्त, बारीकसारीक. त्या पाइपच्या तोंडाशी गावातलं कोणी कधी पोहायला उतरत नसे. बस, एवढंच."

मला वाटलं, वासामुळे उतरत नसतील. मी चौथा नियम रंगवला आणि विसरून गेलो.

वहिनी त्रेपन्न वर्षांच्या असताना त्यांचा उजवा गुडघा अगदी कामातून गेला. इतकी वर्षं उभं राहून काम, दुसरं काय होणार. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. त्यांच्या जागी कचेरीने एक पहारेकरी पाठवला. माणूस भला होता, पण केबिनमध्ये बसून शब्दकोडं सोडवण्यापलीकडे त्याची धाव नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात टेबलावरचा नळ बिघडला. त्याने दुरुस्तीचा अर्ज केला आणि पुढच्या कोड्याला लागला.

पाणी नाही म्हटल्यावर टेबलापाशी कोण जाणार? धक्का चांगला दोनशे मीटर लांब, टेबल जमिनीकडच्या टोकाला, आणि मासे लागतात ते समुद्राकडच्या टोकाला. लोक जागच्या जागी, कठड्यावरच मासे चिरायला लागले. आतडी, कल्ले, डोकी, सगळं खाली पाण्यात. सकाळी आठच्या सुमाराला बहुतेकांचं आटपायचं, तेव्हा सगळ्यांच्या बादल्या एकदमच रिकाम्या व्हायच्या. पक्ष्यांची तर चंगळ. सगळे खूश होते. "मोजपट्टी नाही तर किती मोकळं वाटतं," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो. कारण रविवारी मीही गळ टाकायला जात असे आणि मीही माझे चार बांगडे तिथेच कठड्यावर साफ करून घाण खाली सोडली होती. पाटी माझ्या हातची असून.

सहा आठवडे झाले त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी कामावर निघाल्या. हातात कुबडी. सोबत मी होतो, कारण दादाने मला तसं सांगितलं होतं. सात वाजून गेले होते. समुद्र शांत, पाणी हिरवट आणि स्वच्छ. वहिनी टेबलापाशी थांबल्या, कोरड्या नळाला हात लावला. मग धक्क्यावरून चालायला लागल्या. कठड्यावर खवले वाळून चिकटले होते, ते नखाने खरवडून पाहिले. मी मागे चाललो होतो.

धक्क्याच्या पाऊण वाटेवर पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. तिथे येऊन वहिनींनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि खूप वेळ पाहतच राहिल्या.

"भावोजी, बारकी कुठे गेली?"

मला आधी कळलंच नाही. मग मीही वाकून पाहिलं. धक्क्याच्या सावलीत, खांबांच्या आसपास, करंगळीएवढ्या माशांचे थवे बारा महिने असायचे. हजारोंनी. इतके नेहमीचे की कोणी त्यांच्याकडे बघतही नसे. आज खाली नुसतं पाणी होतं. खांब तळापर्यंत स्पष्ट दिसत होते आणि त्यांच्यामध्ये काही म्हणजे काही हलत नव्हतं. मान वर करून पाहिलं तर पक्षी केबिनच्या पत्र्यावर रांगेने बसलेले. पाण्यावर एकही नाही.

"ओहोटीमुळे असेल," मी म्हणालो.

"ओहोटीला जास्त दिसतात," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात पोहणारी मंडळी आली. दहा-अकरा जण, बहुतेक साठी ओलांडलेले. त्यांच्या पुढारी म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना अख्खं गाव नुसतं 'बाई' म्हणायचं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं. लाल टोपी घालून त्या सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायच्या. या पायऱ्यांवरून उतरून, धक्क्याच्या टोकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत, हा त्यांचा रोजचा क्रम. पावसात, थंडीत, कशातही न चुकलेला.

वहिनी म्हणाल्या, "बाई, आज नका उतरू."

"का ग? काय झालं?"

"पाणी बरोबर नाही."

बाईंनी खाली पाहिलं. "इतकं स्वच्छ पाणी तर महिनाभरात नव्हतं. तुला दिसलं काय?"

"काही दिसलं नाही. म्हणूनच सांगते."

मंडळी हसली. एक जण म्हणाला, "तुमचे नियम माशांसाठी, आम्ही काही मासे नाही." तेही खरंच होतं. पोहणाऱ्यांना अडवण्याचा वहिनींना काडीचा अधिकार नव्हता. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी वाद घातला नाही. कुबडी कठड्याला टेकवली, दुखरा पाय सरळ पुढे धरून सावकाश खाली बसल्या, त्या पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी. पायऱ्या अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्या. टाक्यांचा पाय त्यांनी आडवा पसरला.

"मी काही तुम्हाला अडवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण जायचं तर या पायावरून जा."

बाईंनी टोपी काढली. त्या चिडल्या होत्या हे दिसत होतं. शाळेत अशा वेळी त्या आवाज खाली आणायच्या, तसाच आणून म्हणाल्या, "ठीक आहे. आठपर्यंत बसते मी. आठ वाजता तू मला कारण सांगायचंस, नाहीतर उठायचंस."

आम्ही सगळे तिथेच थांबलो. मला वहिनींची लाज वाटत होती, हे कबूल करायला हवं. आजारपणातून उठलेल्या माणसाच्या मनाने काहीतरी घेतलं, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगत होतो.

आठच्या सुमाराला टोकाकडे नेहमीचं आटपणं सुरू झालं. कारकूनसाहेब उठले. मोजपट्टी परत आली आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. महिनाभराच्या सवयीने त्यांनी बादली उचलली आणि कठड्यावरून उपडी केली.

पाण्यात लाल ढग पसरला. मग त्याच्या खालचं पाणी काळं झालं.

धक्क्याच्या खांबांवर आकडे आहेत, तेही मीच रंगवलेले. दोन खांबांमध्ये चार मीटर अंतर आहे, हे मी स्वतः टेप धरून मोजलं आहे. म्हणून सांगतो. तिचं नाक चव्वेचाळीस नंबरच्या खांबाशी आलं तेव्हा तिचं शेपूट अजून त्रेचाळिसाच्या मागे होतं. शार्क. ती उसळली नाही, झेपावली नाही. आपल्या घरात माणूस जसा पाणी प्यायला उठतो तशी, घाई न करता वर आली. करड्या पाठीवर फिकट पट्टे होते, सकाळचं ऊन त्यांच्यावरून सरकत गेलं. तोंड उघडलं, लाल ढग आत गेला, तोंड मिटलं. पाण्यावर साधा बुडबुडा आला नाही. आणि वळताना ती एका कुशीवर झाली, तेव्हा तिचा डोळा दिसला. काळा, गोल, शांत. वर रांगेने उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांवरून तो डोळा फिरला आणि आमची काही दखल न घेता पुढे गेला.

मग दुसरी आली. थोडी लहान. तिच्याही वाट्याला काही आलं.

धक्क्यावर चाळीसेक माणसं असतील. कारकूनसाहेबांच्या हातातली बादली तशीच उपडी, हवेत. मला मान वळवता येत नव्हती. एवढं मोठं, एवढं जिवंत काही मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आणि ते महिनाभर, रोज, आमच्या पायांखाली येऊन जात होतं. त्याच वेळी बाई आणि त्यांची मंडळी त्याच पाण्यातून त्याच टोकाला वळसा घालत होती.

बाई हळूच वहिनींच्या शेजारी दगडावर बसल्या. मग त्यांनी वहिनींचा हात धरला, ज्याच्या बोटाचं पेर गेलं आहे तो, आणि एवढंच म्हणाल्या, "आठ वाजले."

त्याच दुपारी बंदर कचेरीत बैठक झाली. अधिकारी तरुण होता आणि त्याची पाचावर धारण बसली होती. एका ट्रॉलरवाल्याने पुढे होऊन सांगितलं, मोठा गळ टाकतो, दोन दिवसांत दोघींना वर काढतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी मागच्या बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्यांचा गुन्हा काय?"

"गुन्हा?" अधिकारी म्हणाला. "अहो, माणसं पोहतात तिथे."

"आपण रोज आठ वाजता ताट वाढलं. त्या रोज आठ वाजता आल्या. बोलावून घ्यायचं आणि आला म्हणून मारायचं, हे कुठलं वागणं? आणि या दोघींना मारून घाण टाकणं चालूच राहिलं तर तिसरी येईल. समुद्रात काय तोटा आहे?"

"मग काय करायचं?"

"पंधरा दिवस द्या मला. पाण्यात कोणी उतरायचं नाही, ते बाई बघतील. आणि धक्क्यावरून पाण्यात थेंबही पडायचा नाही, ते मी बघते."

ट्रॉलरवाला कुत्सित हसला. "धक्क्यावरची माणसं तुमचं ऐकणार? आजवर किती ऐकलं?"

तेव्हा कारकूनसाहेब उठले. तेही बैठकीला आले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते म्हणाले, "बादली माझी होती. मी ऐकेन. आणि जो ऐकणार नाही त्याच्या शेजारी मी खुर्ची टाकून बसेन." आणि त्यांनी तसं खरोखरच केलं.

त्या पंधरा दिवसांत मी धक्क्यावर जे पाहिलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. माणसं मासे अख्खे घरी नेऊ लागली. बादली विसळायची तर टेबलापर्यंत चालत यायची, आणि नळ पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला होता. आमिषाचे तुकडेसुद्धा कागदात गुंडाळून खिशात. गेल्या महिनाभराच्या मोकळेपणाची आठवण कोणी काढत नव्हतं.

वहिनी रोज सहा वाजता टोकाला खुर्ची टाकून बसायच्या, दहापर्यंत. मी कामाला जायच्या आधी तासभर त्यांच्यापाशी थांबायचो. पहिल्या दिवशी आठला दोघी आल्या. टोकाभोवती फिरल्या, थांबल्या, पुन्हा फिरल्या. काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशीही आल्या. पाचव्या दिवशी धाकटी आली नाही. थोरली आली आणि आमच्या अगदी खाली, वहिनींच्या खुर्चीखाली म्हणावं अशी, नुसती तरंगत राहिली. तिच्या कल्ल्यांच्या फटी उघडत-मिटत होत्या, त्याही मोजता येत होत्या.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

वहिनी खाली बघत होत्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मोठ्या माणसाच्या घरी प्रथमच गेलेल्या मुलीसारखा, सावध आणि भारावलेला.

"भावोजी, मी चोवीस वर्षं मासे कापले. लाखांनी कापले असतील. त्यांतला एकही माझ्याकडे बघत नव्हता." थोडं थांबून म्हणाल्या, "हिने त्या दिवशी बघितलं."

आम्ही दोघं कठड्यावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. काही वेळाने तिने शेपूट एकदा हलवलं, एकदाच, आणि क्षणात ती दूर, खोल निळ्या पाण्यात एक रेघ होऊन गेली.

आठव्या दिवशी ती आली ती लांबूनच वळली. अकराव्या दिवशी आली नाही. बाराव्या, तेराव्या दिवशीही नाही. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा धक्क्याच्या सावलीत करंगळीएवढे मासे परत आले होते. आधी एक छोटा थवा, मग दुपारपर्यंत इतके की खांबांचा तळ दिसेना. लोक कठड्यावरून वाकून वाकून ते बघत होते. आयुष्यभर ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते मासे बघायला माणसं घरच्यांना घेऊन आली.

बाई टोपी घेऊन हजर झाल्या. वहिनी म्हणाल्या, "अजून चार दिवस." बाई निमूटपणे परत गेल्या. ज्यांच्यापुढे अर्धं गाव उभं राहताना चळचळ कापायचं, त्या बाई.

चार दिवस झाले. सकाळी सगळी मंडळी पायऱ्यांशी जमली. मासे धरणारेही आले, अधिकारीही आला. उतरायचं तर सगळ्यांनाच होतं, पण पहिला पाय कोणी टाकेना. बाईसुद्धा क्षणभर थबकल्या. वहिनींनी गळ्यातली पट्टी काढून माझ्या हातात दिली, कुबडी कारकूनसाहेबांकडे दिली.

"वहिनी, तुम्हाला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"उभं राहता येतं."

पायऱ्या पाण्याखालीही बऱ्याच खोल जातात. शेवाळामुळे निसरड्या. वहिनी कामाच्या कपड्यांतच एकेक पायरी उतरल्या. दुखरा पाय आधी, मग बरा. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं. तिथे त्या थांबल्या. एका हाताने लोखंडी कडी धरलेली. त्यांच्या भोवती ते बारके मासे फाकले, आणि पुन्हा जवळ आले. "नियम मी लावला," त्या वर बघून म्हणाल्या. "मग पहिलं मीच उभं राहायला हवं. घड्याळ लावा. अर्धा तास."

कोणीतरी खरंच घड्याळ लावलं. मी समुद्राकडे बघत होतो, खांबांकडे बघत होतो, पुन्हा त्यांच्याकडे बघत होतो. जन्मभर मासळीच्या पाण्यात हात घालून राहिलेली माझी ही वहिनी समुद्रात आजवर कधी घोट्याच्या वर उतरली नव्हती, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. दहा मिनिटांनी बाई खाली उतरल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग एक जण उतरला. मग आणखी एक. घड्याळ वाजलं तेव्हा अकराच्या अकरा जण पाण्यात होते.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. दादाला वर्कशॉपमध्ये कोणीतरी सांगितली. तो माडीवर आला, हात पुसले, वहिनींकडे नीट पाहिलं. "गार होतं का?" त्याने विचारलं. "होतं," त्या म्हणाल्या. त्याने स्वतः उठून चहा ठेवला. माझ्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतरचं सांगण्यासारखं एकच. बाईंनी त्याच वर्षी वहिनींना पोहायला शिकवायला घेतलं. चोपन्नाव्या वर्षी शिकणं सोपं नव्हतं. नाकातोंडात पाणी जायचं, गुडघा कुरकुरायचा, आणि बाई मास्तरकी सोडायच्या नाहीत. धक्क्यावरची मंडळी वरून सूचना करायची, त्यांना बाई एका नजरेत गप्प बसवायच्या. दीड वर्ष लागलं. मग एका सकाळी वहिनी पायऱ्यांवरून सुटल्या आणि टोकाकडे निघाल्या. बाई लाल टोपी घालून शेजारी. मी वरून, कठड्याला धरून, त्यांच्या बरोबरीने चालत होतो. एवढं सावकाश मी कधी चाललो नसेन. टोकाला त्या वळल्या तेव्हा कारकूनसाहेबांनी आपला गळ वर ओढून घेतला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले.

पाऊण तासाने वहिनी पलीकडच्या बाजूने परत आल्या. पायरीवर बसून धापा टाकत होत्या, ओठ निळे पडले होते. मी टॉवेल दिला. त्यांनी तो नुसता हातात धरून ठेवला. श्वास बसल्यावर मागे वळून पाण्याकडे, खांबांकडे, वरच्या माणसांकडे बघत म्हणाल्या, "खालून हे सगळं केवढं मोठं दिसतं, भावोजी."